धडगावहून पुण्याला एमएस्सीला निघालेल्या लेकीबद्दल

दादा, तुमच्या मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला, तिचं मनापासून अभिनंदन. तुम्ही लिहिलंय की घरात पावरी ही आदिवासी बोली बोलतात, शिक्षण आश्रमशाळेत आणि मराठीतून झालं, इंग्रजी बोलायची सवय नाही. आणि शेवटी विचारलंय, "ती तिथे टिकेल का? बाकीची मुलं तिला आपल्यात घेतील का?" मी राज्यातल्या दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठात 26 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यातली सहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीएस्सी करून एमएस्सीला आलेली मुलगी अभ्यासाने गळत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ज्या मुली शिक्षण सोडून घरी गेल्या, त्या बहुतेक पहिल्याच सत्रात गेल्या. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असायचं. हातात पैसे नव्हते आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून आधी पैशाचं बघू. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश झाल्याबरोबर भरा. त्याला उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. कुणी खिडकीवर पूर्ण फी मागितली तर वाद घालत बसू नका, विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राहण्यासाठी आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करा. पुणे जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पुण्यासारख्या शहरात जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60 हजार रुपये थेट खात्यावर येतात. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे निघायच्या आधी बँकेत जाऊन तपासा. एवढ्याशा गोष्टीसाठी मुलींचे महिनेच्या महिने गेलेले मी पाहिलेत.

आणि हे पैसे वेळेवर येतीलच असं धरू नका. 2018 मध्ये शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. पैसे उशिरा आले तर खायचं काय, हाच त्यांचा सवाल होता. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांच्या मेसचे पैसे तिच्याजवळ वेगळे ठेवा, उसने घ्यावे लागले तरी. विद्यापीठात 'कमवा व शिका' योजनाही आहे. रोज थोडे तास ग्रंथालयात किंवा विभागात काम करून मुलं आपला खर्च भागवतात. त्यात कमीपणा नाही, फक्त प्रॅक्टिकलच्या वेळा सांभाळून काम घ्यावं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्यात घेण्याचा. राज्यात अनुसूचित जमातींना 7 टक्के जागा आहेत. वर्ग चाळीसचा धरला तर तुमच्या मुलीसारख्या दोन-तीनच मुली-मुलं असणार. बाहेरून बघणाऱ्याला 411 एकरांचा परिसर, देशोदेशीची मुलं, सगळीकडे विविधता दिसते. वर्गात बसलेल्या तिला मात्र पहिल्या दिवशी आपण एकटेच आहोत असं वाटू शकतं. कुणी मुद्दाम वाईट वागतंच असं नाही. "तुझी प्रवेश परीक्षेत रँक किती?" हा साधा वाटणारा प्रश्न तिसऱ्यांदा आला की मुलगी मागच्या बाकावर जाते.

आमच्याकडे दरवर्षी प्रवेशाची यादी नोटीस बोर्डावर लागायची. नाव, गुण आणि शेवटच्या रकान्यात प्रवर्ग. एकदा एक मुलगी त्या बोर्डासमोर उभी होती, तिच्या मागून चार जण बोट फिरवत रकाना वाचत होते. ती तिथून हलली ती थेट वसतिगृहात गेली आणि दोन दिवस वर्गावर आली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, डोकं दुखत होतं. पुढच्या वर्षीपासून मी प्रवर्गाचा रकाना काढायला लावला, फक्त पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक आणि गुण. कार्यालयातले लोक कुरकुरले, पण झालं. तेव्हा मला वाटलं होतं मी काही सवलत मिळवून दिली. नंतर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2012 चे समता नियम नीट वाचले. वर्गात कुणाची जात-जमात जाहीर करणं किंवा कुणाला 'राखीववाला' ठरवणं यालाच त्यात भेदभाव म्हटलंय. ती सवलत नव्हती, तिचा हक्कच होता.

तीच मुलगी वर्षअखेरीच्या तोंडी परीक्षेत गप्प उभी राहिली. बाहेरचे परीक्षक इंग्रजीत विचारत होते, ग्रिन्यार अभिक्रियेला ईथर कोरडाच का लागतो. ती नुसती फरशीकडे बघत होती. मी म्हटलं, "मराठीत सांग गं." ती लगेच म्हणाली, "पाण्याचा अंश राहिला तर ग्रिन्यार आधी पाण्याशीच लागतो मॅडम, तिथेच संपतो, मग कीटोनला काय उरणार?" याहून नेमकं उत्तर त्या दिवशी कुणी दिलं नाही. परीक्षकांनी पुढचे सगळे प्रश्न मराठीतच विचारले. तुमच्या मुलीला एवढंच सांगा, की अडलं तर "सर, मराठीत सांगू का?" हे वाक्य बिनदिक्कत वापरायचं. लेखी पेपर इंग्रजीतच लिहावा लागेल, त्यासाठी मात्र पहिल्या आठवड्यापासून रोज पान-दीड पान इंग्रजीत लिहायची सवय हवी.

तुम्ही डॉ. पायल तडवीचं नाव घेतलंत. मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या जळगावकडच्या त्या आदिवासी पोरीने 2019 साली, जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांमध्ये, आत्महत्या केली, ते वाचून आमच्या वसतिगृहातल्या मुली रात्रभर जाग्या होत्या. तुमची भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. तिच्या आईने पुढे रोहित वेमुलाच्या, म्हणजे 2016 मध्ये आत्महत्या केलेल्या हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्याच्या, आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती भेदभाव रोखणारी यंत्रणा नुसती कागदावर राहू नये म्हणूनच. त्या यंत्रणेचा उपयोग करून घ्या. 2012 च्या त्या नियमांप्रमाणे विद्यापीठात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा लागतो, आणि तक्रारीचा निकाल 60 दिवसांत लागावा लागतो. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा क्रमांक तिच्या फोनमध्ये आजच टाकून ठेवा. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत जायचं. मेसेज, तारीख, कोण हजर होतं, हे सगळं जपून ठेवायला सांगा. तोंडी तक्रारीवर कुणी काही करत नाही, हे मी आतून पाहिलंय. त्याची मला आजही खंत वाटते.

पहिल्या आठवड्यात तिने आदिवासी विद्यार्थ्यांच्या एखाद्या संघटनेतल्या सीनियर मुलींना गाठावं. कोणती मेस उधारीवर देते, कोणते सर शंका विचारल्यावर बसून समजावतात, कोणत्या कारकुनाकडे अर्ज अडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि तिच्याशी फोनवर पावरीतच बोला. काही पालक पोरगी शहरात गेली म्हणून मराठीत बोलायला लागतात, तसं करू नका. दिवसभर परक्या भाषेत विचार करून डोकं शिणतं, रात्री कुणीतरी आपलं बोललं पाहिजे.

एक राहिलंच. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे की त्याच्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश घेतलाय, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पावतीवर असेल तर शेवटची तारीख किती, ते कळवा. पडताळणी समितीने अर्जात त्रुटी काढली असेल तर त्या पत्राचा फोटोही पाठवा, उत्तर कसं लिहायचं ते मी सांगते.