ठाण्यातल्या गेमिंग ग्रुपवर कोणते प्रश्न ठेवायचे, कोणते काढायचे?

तुमची अडचण कळली: बीजीएमआय या मोबाइल गेमच्या ग्रुपवर निम्मे प्रश्न ‘कोणता फोन घेऊ’ आणि ‘नेट कुणाचं चांगलं’ असे येतात. माझी कसोटी सोपी आहे. उत्तर द्यायला तो गेम खेळलेला माणूस लागतो का? लागत असेल तर ठेवा.

‘घोडबंदर रोडला कुठलं कनेक्शन घेऊ?’ हा सोसायटीच्या ग्रुपचा प्रश्न. पण ‘रात्री नऊनंतर पिंग 40 वरून 180 वर जातो, राउटरजवळ बसलं तरी तेच, मोबाइल डेटावर मात्र ठीक’ असं कुणी लिहिलं तर तो आपलाच (पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत). माणसाने निदान तपासून तरी पाहिलंय! फोनचंही तसंच. ‘वीस हजारांत कुठला’ नको, ‘या फोनवर 90 एफपीएस का दिसत नाही’ (म्हणजे सेकंदाला 90 फ्रेम) चालेल.

पैसे लावून खेळायच्या ॲपचे प्रश्न मात्र सरळ उडवा, तिथे चर्चा नको. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने असे गेम चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्ही गुन्हा आहे. रेफरल लिंक टाकणाऱ्यामुळे उगाच ॲडमिनच्या डोक्याला ताप. गेमची आयडी, म्हणजे अकाउंट, विकणाऱ्यांनाही तोच न्याय.

‘आज रात्री स्क्वाडला कोण?’ असं टीम जमवण्यासाठी वेगळा ग्रुप काढा, नाहीतर बाकीचं सगळं त्याखाली गाडलं जातं.