कार्बोरेटर ठेवावा की फ्युएल इंजेक्शन बसवावे?

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातील चार सिलिंडरची पेट्रोल मोटार आहे. सकाळी चोक ओढल्यावर ती व्यवस्थित सुरू होते. परंतु बराच वेळ चालवून थांबवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिन लवकर उचलत नाही. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे संथ चालणे) स्थिर राहत नाही आणि गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येतो. कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचा (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या पद्धतीचा) तयार संच बसवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. गाडीचे मूळ रूप जपायचे आहे, पण ती झाकून न ठेवता नियमित चालवायचीही आहे. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम पेट्रोलच्या वासाचा बंदोबस्त करावा आणि तो होईपर्यंत गाडी चालवू नये. कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची (तरंगत्या भागाची) सुई नीट बसत नसेल, फ्लोटची पातळी जास्त असेल किंवा रबरी नळीला चिरा पडल्या असतील, तर पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर गळू शकते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी नळीही आतून खराब झालेली असू शकते. सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्याव्यात.

आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी कार्बोरेटर आणि त्याच्या आसपासच्या भागांची झीज व उष्णता यांतून येऊ शकतात. त्यांवरून कार्बोरेटर ही पद्धतच कुचकामी आहे, असे ठरत नाही. गरम इंजिन बंद केले की पंखा व पाण्याचे अभिसरण थांबते, इंजिनातील उष्णता वर कार्बोरेटरकडे चढते आणि फ्लोटच्या कप्प्यातील पेट्रोल उकळू लागते. ते मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) सांडले तर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. उलट पंपात किंवा नळीत वाफ अडकली, तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. यातले नेमके काय घडते आहे, हे ओळखण्यासाठी गरम गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरावा, तो पुन्हा पुन्हा मारू नये. काळा धूर सोडत इंजिन सुरू झाले, तर ते पेट्रोलने तुंबले होते असे समजावे. पुष्कळ जुन्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. तिथे कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग, मध्ये पत्र्याचा आडोसा आणि एक्झॉस्टपासून दूर नेलेली पेट्रोलची नळी एवढ्यानेही त्रास पुष्कळ कमी होतो.

अस्थिर आयडलिंगसाठी थ्रॉटलचा (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेचा) दांडा तपासावा. इंजिन चालू असताना तो बोटाने हलवल्यावर आवाज बदलत असेल, तर दांड्याभोवतीच्या झिजलेल्या बुशमधून (कड्यांमधून) जादा हवा आत शिरते आहे. असा कार्बोरेटर जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ करून कितीही जुळवला तरी जुळणार नाही. बुशच बदलावे लागतात. परंतु त्याआधी व्हॉल्व्हचे अंतर, पॉइंटची (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांची) फट आणि इग्निशनचे (ठिणगीचे) टायमिंग याच क्रमाने पाहून घ्यावे, कारण कार्बोरेटरच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष मुळात इग्निशनचे निघतात. टायमिंग चुकलेले असताना इंजेक्शन बसवले, तरी तो दोष गाडीत तसाच राहील.

इंजेक्शनचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. कार्बोरेटर हे प्रमाण जेटच्या ठरावीक छिद्रांतून साधतो; त्यामुळे घाट चढताना हवा विरळ झाली, तरी तो जवळजवळ पूर्वीइतकेच पेट्रोल देतो आणि मिश्रण दाट होते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मात्र हवेचा दाब, तापमान आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोलची मात्रा सतत सुधारते. दूरचे प्रवास, उंच डोंगराळ रस्ते आणि कडक थंडी हाच ज्यांच्या गाडीचा नित्यक्रम आहे, त्यांना हा फरक पहिल्या दिवसापासून जाणवेल.

अडचण आहे ती उरलेल्या गाडीची. कार्बोरेटरला साधारण पाव बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने पेट्रोल पुरते. इंजेक्शनला बहुधा ३ ते ४ बार लागतो. म्हणजे पंप, नळ्या, क्लॅम्प आणि फिल्टर सगळेच बदलावे लागतात आणि बहुतेक संचांत टाकीकडे परत जाणारी वेगळी नळीही टाकावी लागते. वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले, तर फ्लोटच्या कप्प्यातला साठा कार्बोरेटरला क्षणभर सांभाळून घेतो. इंजेक्शनकडे असा साठा नसल्यामुळे आत आडपडदे नसलेली जुनी टाकी त्याला चालत नाही. टाकीत गंज असेल तर इंजेक्टर तुंबतात. ऑक्सिजन सेन्सरसाठी एक्झॉस्टला भोक पाडून सेन्सर बसवायची बैठक वेल्ड करावी लागते आणि जवळपास कुठे गळती असेल, तर सेन्सर चुकीचे माप देतो.

विजेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा. आपल्या गाडीत मूळचा डायनॅमो (जुन्या पद्धतीचे वीज बनवणारे यंत्र) असेल, तर आयडलिंगला तो फारसा चार्ज देत नाही; त्यावर पंप, इंजेक्टर आणि नियंत्रक यांचा भार टाकला की रात्री दिवे लावून गर्दीत थांबल्यावर व्होल्टेज घसरते आणि इंजिन अडखळते. अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी येणारे नवे जनित्र) आणि नवे वायरिंग करण्याची तयारी नसेल, तर इंजेक्शनचा विचारच करू नये. अपघातात पंप बंद करणारा सुरक्षा स्विचही त्या कामात धरलेला असावा.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी कार्बोरेटरची संपूर्ण दुरुस्ती करून एक पूर्ण ऋतुचक्र गाडी चालवावी. त्यानंतरही आपल्या प्रवासाला तो अपुरा वाटला, तरच इंजेक्शनकडे वळावे. तेव्हाही मूळचा कार्बोरेटर, पंप, नळ्या आणि एअर फिल्टर खुणेची चिठ्ठी लावून जपून ठेवावेत आणि इंजिनच्या मूळ भागांत परत न भरता येणारे एकही भोक पाडू नये.

प्रश्न : माझ्या १९७०च्या दशकातील गाडीत कारखान्यातूनच आलेले के-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे. तीही गरम असताना सुरू होत नाही. सोपे पडावे म्हणून कार्बोरेटर बसवू का?

उत्तर : बसवू नये. १९७३ साली आलेली ही बॉशची पद्धत मुख्यतः यांत्रिक असून आपल्या इंजिनाचा मॅनिफोल्ड तिच्यासाठीच घडवलेला आहे. इंजिन बंद झाल्यावरही नळ्यांत दाब टिकून राहावा, म्हणून पंपाजवळ ॲक्युम्युलेटर असतो. तो किंवा पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी झाला की दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि आपण म्हणता तोच त्रास सुरू होतो. दाबमापक जोडून इंजिन बंद केल्यानंतर वीस मिनिटे दाब किती टिकतो, ते पाहावे आणि कोणताही भाग बदलण्याचे त्यानंतरच ठरवावे.