रानपक्ष्याच्या पिसांत सापडलेली चपटी माशी कोणती, हे कसं ओळखायचं?

अंग चपटं, चामड्यासारखं चिवट, पायांना मजबूत आकड्या नख्या आणि चाल खेकड्यासारखी तिरकी असेल, तर ती हिप्पोबॉसिडी या रक्त पिणाऱ्या माश्यांच्या कुळातली. तिला ऊ समजू नका, पिसांतल्या उवांना पंख कधीच नसतात.

पुढे भिंगाखाली डोकं बघा. माथ्यावर तीन साधे नेत्र (ठिपक्यांसारखे बारीक डोळे) दिसले तर या कुळातल्या ऑर्निथोमाया गटातली असू शकते. कबुतरांवरच्या स्यूडोलिंकियाला ते नसतात. पाकोळीवरच्या क्रॅटेरिनाचे पंख आखूड, उडायला निरुपयोगी.

प्रजाती ठरवायला पंखावरचे सूक्ष्म केस कुठे आहेत नि कुठे नाहीत, हे पाहावं लागतं. नुसत्या फोटोवरून नाव देऊ नका. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनएसाठी ९५ टक्के. दर पक्ष्याला स्वच्छ, वेगळी पिशवी हवीच! माशी एकावरून दुसऱ्यावर जाते आणि यजमानाची, म्हणजे ती मुळात ज्या पक्ष्यावर होती त्याची, नोंदच चुकते.