वाचकांचे प्रश्न : मारिया कॅलास

प्रश्न : विसाव्या शतकातली ऑपेरा गायिका मारिया कॅलास हिने एकाच महिन्यात दोन वेगळ्या धाटणीच्या ऑपेरा गायल्या, याचे एवढे कौतुक का? आपल्याकडे एकाच बैठकीत ख्यालही होतो आणि ठुमरीही.

उत्तर : आपली गायिका आपल्या गळ्याला सोसेल ती पट्टी धरते. ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकात, सूर सहसा संगीतकाराने लिहून दिलेला असतो, मायक्रोफोन नसतो आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद वाजत असतो. म्हणून तिथे भूमिका आवाजाच्या वजनावरून वाटल्या जातात. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसच्या ला फेनीचे थिएटरात कॅलास जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'वाल्क्यूर' या ऑपेरातली ब्रुनहिल्डची भूमिका गात होती (जर्मनमध्ये नव्हे, तेव्हाच्या प्रथेप्रमाणे इटालियनमध्ये). पितळी वाद्यांच्या गदारोळातून पार जाणारा आवाज, ही तिथली गरज. त्याच दिवसांत इटालियन संगीतकार बेलिनीच्या 'प्युरितानी' या ऑपेरात नायिका एल्व्हिराची भूमिका करणारी मार्गेरिता कारोसियो आजारी पडली. वाद्यवृंद संचालक तुलिओ सेराफिन यांनी ती भूमिका कॅलासला दिली. ब्रुनहिल्डचे प्रयोग चालू असतानाच तिने ती आठवडाभरात बसवली आणि १९ जानेवारीला गायली. या एल्व्हिराला लागतात हलक्या, दाणेदार, द्रुत ताना. पैलवानाने आखाड्यातून थेट मल्लखांबावर जावे, तसला हा प्रकार.

हे जमले ते अथेन्समधल्या तालमीमुळे. तिच्या गुरू एल्व्हिरा दे इदाल्गो स्वतः हलक्या, तानबाज आवाजाच्या गायिका. त्यांनी या जड गळ्याकडूनही पलटे आणि कंपस्वर घोटून घेतले.

प्रश्न : मग आवाज इतक्या लवकर का गेला? वजन उतरवल्यामुळे का?

उत्तर : १९५३-५४ मध्ये तिने तीस किलोंहून जास्त वजन उतरवले, आणि तेव्हापासून सगळे खापर त्यावरच फुटते. आम्हाला ते अपुरे वाटते. त्याआधीच्या ध्वनिमुद्रणांतही वरचा सूर मधूनच डळमळतो. जड भूमिका फार लवकर आल्या, हे कारण अधिक पटते : अथेन्समध्ये अठराव्या वर्षी तोस्का, इटलीत चोवीस-पंचविशीत इझोल्ड आणि तुरांदोत. शेवटची तोस्का तिने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ५ जुलै १९६५ रोजी गायली, तेव्हा वय होते एक्केचाळीस.

बिघाड ओळखायची खूण सांगतो. प्रशिक्षित गळ्यातला नैसर्गिक कंप सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतो. तो वेगळा कानावर येत नाही, सुराला नुसती झळाळी देतो. श्वासाचा आधार आणि स्नायूंची पकड ढिली पडली की कंप संथ आणि रुंद होतो, आणि सूर हेलकावतोय असे सरळ ऐकू येते. सेराफिन यांच्याच संचालनाखाली तिने बेलिनीची ऑपेरा 'नॉर्मा' स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली, १९५४ आणि १९६० मध्ये. दोन्हींतले 'कास्ता दिवा' हे नायिकेचे गाणे लागोपाठ ऐका. दुसऱ्यात वरचे लांबवलेले सूर हलतात. मध्य सप्तक मात्र तिथे जास्त भरीव आणि शब्दही जास्त बोलके. आम्ही स्वतः दुसरेच जास्त वेळा लावतो.

प्रश्न : २ जानेवारी १९५८ ला रोममध्ये ती नखऱ्यापायी प्रयोग सोडून गेली ना?

उत्तर : नाही. गळा आजारी होता, पहिल्या अंकानंतर आवाज पुढे रेटणे शक्य नव्हते आणि बदली गायिका ठेवलेली नव्हती. इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी प्रेक्षागृहात होते, म्हणून गवगवा झाला.

प्रश्न : प्रत्यक्ष प्रयोगांची जुनी मुद्रणे इंटरनेटवर वेगवेगळ्या पट्टीत का ऐकू येतात?

उत्तर : टेप मूळ वेगाने फिरली नाही की पट्टी चढते किंवा उतरते. वेग सहा टक्के वाढला तर सूर अर्ध्या स्वराने चढतो. तानाही उगाच चपळ वाटतात आणि आवाज बारीक होतो. तपासायला मोबाइलमधला तानपुरा पुरतो. बेलिनीने 'कास्ता दिवा' मुळात पांढरी पाचात लिहिले, पण रूढ प्रथा पांढरी चारची आणि कॅलासही त्यातच गाते. तानपुरा पांढरी चारला लावून मुद्रण सुरू करा. गाणे किंचित चढे असेल तर सोडून द्या, युरोपातले वाद्यवृंद थोडे चढेच लावतात. काळी तीन लागली तर मात्र त्या मुद्रणावरून तिच्या आवाजाबद्दल मत बनवू नका.