ओल आली की आधी रंगाचा डबा उघडू नका

भिंतीला पोपडे आले म्हणून लगेच पुट्टी-रंग करायला घेऊ नका. आतलं पाणी बंद झाल्याशिवाय वर काहीही लावलं तरी ते फुगून सुटणारच. वॉटरप्रूफ रंग तर ओल आत कोंडून ठेवतो, मग ती शेजारच्या भिंतीत डोकं काढते.

पाणी कुठून येतंय ते शोधा. डाग बारा महिने सारखाच ओला असेल तर संशय नळाच्या लाइनवर. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याचा मीटर तरीही फिरतोय का बघा. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी डाग गडद होत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली पाणी वाहून जायची जागा) किंवा फरशीचे सांधे. ट्रॅप घट्ट बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगा. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा आणि खिडकीची चौकट तपासा.

काहीच जुळत नसेल तर हातभर प्लॅस्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब मागच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, पुढे आले तर खोलीतल्या दमट हवेची. तिथे एक्झॉस्ट फॅन पुरतो.

पांढरा लोणा (भिंतीवर येणारी क्षारांची पूड) कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. आणि डाग स्विचबोर्डजवळ असेल तर बाकी सगळं नंतर, आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.