वीस डाय जोडूनही उजेड का वाढत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉलिमरच्या एका साखळीवर फ्लुओरेसीन या डायचे (प्रकाश शोषून चमकणाऱ्या रंगद्रव्याचे) वीसेक रेणू जोडले, वाटलं वीसपट उजेड मिळेल, पण सुट्या एका रेणूइतकाही मिळेना. रासायनिक आणि जैविक तपासणीसाठी जास्त उजळ डाय मग बनवायचा कसा?

संश्लेषण बिघडलं असं लगेच धरू नका. डाय खरोखरच साखळीवर दाटीवाटीने बसले की नेमकं असंच होतं. मी पहिल्यांदा हाच उद्योग केला तेव्हा आठवडाभर फ्लुओरोमीटरलाच (हा उजेड मोजणाऱ्या यंत्रालाच) दोष देत बसलो होतो.

डायचा उजळपणा म्हणजे एक गुणाकार: तो प्रकाश किती शोषतो, गुणिले शोषलेल्यापैकी किती प्रकाशाच्या रूपात परत देतो (क्वांटम यील्ड). सुटं फ्लुओरेसीन अल्कधर्मी पाण्यात 100 फोटॉन शोषून 90 हून अधिक परत देतं. वीस रेणू जोडले की पहिला आकडा वीसपट होतो खरा, पण दुसरा पार कोसळतो.

कारण फ्लुओरेसीन 490 नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि 515 च्या आसपास सोडतं. हे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एका रेणूतली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधीच शेजारच्या रेणूवर उडी मारते. साधारण साडेचार नॅनोमीटर अंतरावर उडी मारणं आणि न मारणं यांची शक्यता निम्मी-निम्मी असते. अंतर निम्मं केलं तर उडीचा वेग 64 पट होतो, कारण हिशोब सहाव्या घाताचा आहे. नुसत्या उड्यांनी काही बिघडत नाही. पण साखळीवर कुठेतरी दोन डाय एकमेकांवर चपटे बसलेले असतात. ती जोडी म्हणजे खड्डा: ऊर्जा त्यात पडते आणि तिची उष्णता होते. वीस रेणूंमधून हिंडणाऱ्या ऊर्जेला असा एक खड्डा पुरतो.

हे तपासणं सोपं आहे. शोषणाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो याचा आलेख, काढा. मुख्य शिखराच्या कमी तरंगलांबीच्या बाजूला नवा खांदा दिसला तर डाय एकमेकांना चिकटलेत. थोडं सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) घालून उजेड परत आला तर खात्रीच. मोजताना द्रावण पातळ असू द्या, शोषकता 0.1 च्या खाली ठेवा. आणि बरेच जण विसरतात ती गोष्ट: तुमच्या साखळीवर कार्बोक्सिलेट (ऋणभारित आम्लगट) असतील तर त्यांच्या ऋणभाराभोवती प्रोटॉन गोळा होतात. मीटर 7 दाखवत असला तरी साखळीजवळचा पीएच त्याहून कमी असतो, आणि आम्लाकडे झुकलं की फ्लुओरेसीन मंदावतं. एकदा पीएच 9 ला मोजून बघा.

उपाय? वीसऐवजी तीन, पाच, आठ डाय जोडून आलेख काढा. उजेडाचं शिखर बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा बरंच आधी येईल. डायच्या मध्ये आडदांड गट किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या शेपट्या घालून त्यांना दूर ठेवता येतं. शोषण आणि उत्सर्जन यांच्या तरंगलांबीत मोठं अंतर असलेला डाय निवडणं हाही चांगला मार्ग.

मी मात्र साखळीलाच डाय बनवण्याच्या बाजूचा. कॉन्ज्युगेटेड पॉलिमरमध्ये (ज्याच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात) पाठकणाच, म्हणजे मुख्य साखळीच, प्रकाश शोषतो. फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेत तपासण्याच्या पद्धतीत) वापरला जाणारा ब्रिलियंट व्हायोलेट 421 याच जातीचा. त्याचा मोलर शोषण गुणांक (प्रकाश किती शोषतो त्याचं माप) सुमारे 25 लाख, क्वांटम यील्ड 0.65 च्या आसपास. फ्लुओरेसीनचा गुणांक 80-90 हजार. गुणाकार करून पाहा, तुम्हाला हवे होते तेच वीसपट हाती येतात! अडचण पाण्याची: असा पाठकणा पाण्यात विरघळत नाही. सल्फोनेट (हेही ऋणभारित गट) लावले तर विरघळतो, पण भारामुळे नको त्या प्रथिनांना चिकटतो, आणि पार्श्वभूमीही उजळली तर त्या उजेडाचा उपयोग काय? म्हणून भार नसलेल्या ग्लायकॉल शेपट्या बऱ्या.

आता रासायनिक तपासणी. इथे गणित उलटतं. रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वेगर (तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, पुढे एमआयटीत) यांनी 1995 मध्ये दाखवलं की कॉन्ज्युगेटेड साखळीवर ऊर्जा हिंडत असेल, तर एका ठिकाणी चिकटलेला एकच रेणू मोठ्या भागाचा उजेड घालवू शकतो. पॅराक्वाट या तणनाशकासाठी त्यांची साखळी सुट्या घटकापेक्षा सुमारे 65 पट संवेदनशील निघाली. पुढे त्यांच्या गटाने टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखणारे पातळ थर बनवले. त्यातल्या साखळ्यांवर मुद्दाम अवजड गट लावले होते: साखळ्या एकमेकींवर रचल्या जात नाहीत, आणि मधल्या पोकळीतून वाफ आत शिरते. म्हणजे तुमचा उजेड मारणारा खड्डा इथे हवासा असतो, फक्त तो आधीपासून नको. शोधायचा रेणू आला की तयार व्हायला हवा.

त्यामुळे पेशीवर लावायचं लेबल हवंय की रेणू पकडणारा सेन्सर, हे आधी ठरवा. एकाच साखळीकडून दोन्ही मागू नका. आणि शोषणाचा वर्णपट काढलेला असेल तर प्रश्नात जोडा. तो खांदा दिसतोय का ते बघून पुढचं सांगता येईल.