‘स्टाफचा विरोध आहे’ असं लिहून देण्याआधी जुनं काय बंद झालंय ते बघा

सिस्टर, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. नर्सिंगप्रमुखाची जबाबदारी नुकतीच अंगावर आली, सगळ्या वॉर्डांत एकाच तारखेला बेडसाइड हँडओव्हर (शिफ्ट बदलताना रुग्णाच्या बेडपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला त्याची माहिती देणं) सुरू करा असा वरून आदेश आला. सुरुवातीचे दिवस बरे गेले. आता फॉर्मवर सह्या शंभर टक्के आहेत, पण ओव्हर, म्हणजे ही माहिती, पुन्हा नर्सिंग स्टेशनवरच उभ्याउभ्या दिली जाते. वरचे म्हणतात, हा जुन्या सिस्टर लोकांचा विरोध आहे आणि तो मोडून काढणं तुमचं काम आहे. तुम्ही विचारलंय, विरोध मोडायचा कसा?

मीटिंग घ्या, बदलाचं कारण सांगा, प्रशिक्षण द्या, शंका ऐका, हे सगळं तुम्ही केलेलं दिसतंय. संस्थेत बदल कसा घडवायचा हे मांडणारे लेविन आणि कॉटरही अभ्यासक्रमात झालेच असतील, त्यात मी शिरत नाही. पोस्टमध्ये खाली तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: ‘ओव्हर बुक आणि रिपोर्ट रजिस्टर नेहमीप्रमाणे चालू आहे.’ म्हणजे नवा फॉर्म आला तरी ओव्हर लिहायच्या जुन्या वह्या बंद झालेल्या नाहीत. माझ्या मते तुमचं सगळं दुखणं तिथे आहे.

आमच्याकडे बेडसाइड हँडओव्हर आणि संगणकावरच्या नर्सिंग नोंदी पाठोपाठ आल्या. नोंदी आणि तपासणी बघणारं एक कार्यालय होतं, नाव घेत नाही. नियोजनाच्या सगळ्या बैठकांना त्यांचा माणूस हजर असायचा, मान डोलवायचा. नवा फॉर्म त्यांनीच मंजूर केला. मग मी विचारलं, आता ओव्हर बुक, म्हणजे हे जुनं रजिस्टर, बंद करू ना? उत्तर आलं, तपासणीला लागेल, तूर्त दोन्ही चालू ठेवा. लेखी विचारलं तर कळवण्यात आलं की रजिस्टर बंद करण्याचा निर्णय समितीचा आहे. समितीला विचारलं तर समितीने सांगितलं, कार्यालयाची शिफारस आल्याशिवाय विषय घेता येत नाही. नवीन फॉर्म वॉर्डात पाठवायला सही एका दिवसात मिळत होती. जुनं रजिस्टर कपाटात ठेवायला मात्र सही करणारा कुणी नव्हता.

वॉर्डात याचा अर्थ काय होत होता ते सांगते. नाईटची सिस्टर पहाटे बीपी घेणार, हातातल्या कागदावर उतरवणार, मग संगणकात भरणार, मग हँडओव्हरच्या फॉर्मवर, मग लाल शाईने रजिस्टरमध्ये. एकच आकडा, तीन जागा, वॉर्डभर रुग्ण, त्यात एखादा अत्यवस्थ. कुठेतरी १३०/८० चं १३०/९० होणारच. तसं झालं, तेव्हा त्याच कार्यालयाने त्या सिस्टरला खुलासा मागणारं पत्र पाठवलं की नोंदींमध्ये तफावत का. ते पत्र सगळ्या वॉर्डांत हातोहात फिरलं. त्यानंतर तिन्ही जागी आकडे जुळायला लागले, कारण सहाची निरीक्षणं साडेपाचलाच स्टेशनवर बसून तिन्हीकडे एकदम लिहिली जाऊ लागली. तपासणीत तो वॉर्ड उत्तम ठरला. रुग्णाच्या दृष्टीने मात्र आधीपेक्षा वाईट परिस्थिती झाली होती. हे आठवलं की आजही मला त्रास होतो. ज्या बदलाचा हेतू रुग्णाजवळ जाण्याचा होता, त्यानेच सिस्टरला टेबलाशी बांधून ठेवलं आणि त्याला नाव दिलं गेलं ‘स्टाफची मानसिकता’.

तो विरोध नव्हता. शिफ्ट संपताना हातात असलेला वेळ आणि मागितलेलं काम यांचा मेळ बसत नव्हता. त्या बायका रोजच्या रोज त्यातून वाट काढत होत्या. जे तपासलं जाणार ते पूर्ण करायचं आणि जे कुणी बघत नाही ते सोडायचं, असा तो मार्ग होता. बेडपाशी जाणं कुणी बघत नव्हतं.

लेविनने १९४७ मध्ये जे मांडलं त्यातले गोठलेलं सोडवा, बदला, पुन्हा गोठवा हे तीन टप्पे सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला त्यातलं बळांचं विश्लेषण जास्त उपयोगी वाटतं. पुढे ढकलणारी बळं आणि अडवणारी बळं अशी दोन्ही असतात. ढकलणारा जोर वाढवला तर बदल होतोही, पण ताण वाढतो. अडवणारं काढून टाकलं तर तोच बदल कमी ताणात होतो. आपल्याकडे वरून येणारं प्रत्येक परिपत्रक ढकलणारं असतं. अडवणारं काढायला कुणी येत नाही. नर्सिंगप्रमुखाने ते अंगावर घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण बाकी कुणाला ते दिसतच नाही.

वरच्यांना आकडे लागतात, म्हणून दोन उदाहरणं देते, बैठकीत वापरा. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची सुरक्षा चेकलिस्ट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये निकाल आले तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतींचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलेलं होतं. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती सरसकट लागू झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. रुग्णालयांनी कळवलेलं पालन नव्वद टक्क्यांच्या वर होतं, पण मृत्यूंचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच. याची कारणं काय यावर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि त्यात मी पडत नाही. पण सह्यांचा टक्का आणि प्रत्यक्ष काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

दुसरं मिशिगनचं. तिथल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) होणारा रक्तातला संसर्ग कमी करायचा प्रकल्प झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असली की एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ संसर्ग होत होते, ते दीड वर्षाच्या आसपास १.४ वर आले. सांगताना सगळे सेंट्रल लाइनबाबत पाळायच्या पाच गोष्टींच्या यादीबद्दल सांगतात. पण तिथे लागणारं सगळं साहित्य एका ट्रॉलीत ठेवलं होतं, म्हणजे गाउन, ड्रेप, क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक यासाठी चार ठिकाणी धावायला नको. आणि पद्धत पाळली जात नसेल तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता, त्यामागे व्यवस्थापन उभं होतं. योग्य काम करणं सोपं केलं आणि करणाऱ्याच्या हातात अधिकार दिला. तुमच्या आदेशात या दोन्हींपैकी काय आहे, तपासून बघा.

आता तुम्ही काय करावं. माझा अनुभव माझ्या रुग्णालयाचा आहे, तुमच्याकडे रचना वेगळी असेल, आयसीयूचं गणित तर पूर्ण निराळं असतं. तरी.

सगळ्यात आधी एका वॉर्डात शिफ्ट बदलाच्या वेळी जाऊन उभ्या राहा. तपासायला नव्हे, आणि आधी कळवून जा. एक रुग्ण निवडा आणि त्याच्याबद्दलची एकच माहिती किती जागी लिहिली जाते ते बघा. रजिस्टरचा प्रत्येक रकाना घेऊन विचारा की हे कोण वाचतं. आम्ही हे केलं तेव्हा निम्म्याहून जास्त रकान्यांचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. कधीतरी कुणीतरी मागितले होते म्हणून चालू राहिले होते. मात्र हे काम सगळ्यात सीनियर सिस्टरला सोबत घेऊनच करा. आमच्याकडे नियंत्रित, म्हणजे मॉर्फिनसारख्या, औषधांचा शिल्लक साठा त्याच रजिस्टरात उतरवला जात होता. तो कायद्याने ठेवावाच लागतो, वेगळी सोय केल्याशिवाय रजिस्टर बंद करता येणार नाही, हे एका अशा सिस्टरने सांगितलं जिला सगळे ‘विरोधक’ म्हणत होते. त्या बोलल्या नसत्या तर आम्ही अडकलो असतो. म्हणून सांगते, लोकांना उत्साही, मागे राहणारे अशी लेबलं लावू नका. रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने नवकल्पनांच्या प्रसाराबद्दल तशी वर्गवारी केली आहे, त्यात शेवटच्या गटाला १६ टक्के दिले आहेत. पण ती वर्गवारी लोक बदल कधी स्वीकारतात याची आहे. तुमच्या वॉर्डातल्या माणसाची किंमत त्यावरून ठरवू नका.

मग एका पानाचा कागद करा. डावीकडे नवीन काय सुरू, उजवीकडे त्याबदल्यात काय बंद, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने. उजवी बाजू रिकामी असेल तर तो बदल वॉर्डात न्यायचा नाही, हे तुम्ही वरच्यांना स्पष्ट सांगू शकता. सौम्य भाषेत सांगा, पण लेखी सांगा. मी शेवटी कार्यालयाशी पत्रव्यवहार सोडून दिला आणि हा कागद थेट वैद्यकीय संचालकांपुढे ठेवला, शेजारी त्याच रुग्णाच्या तीन नोंदी, नाव झाकून. त्यांनी पाहिलं, रजिस्टर बंद करण्याच्या आदेशावर सही केली, साठ्याची वेगळी वही ठेवली. त्यानंतर एकही नवीन प्रशिक्षण न घेता ओव्हर बेडपाशी जायला लागली. लगेच सगळीकडे नाही, आणि एका वॉर्डात शेवटपर्यंत नीट बसली नाही, तेही सांगितलं पाहिजे. तिथे मनुष्यबळच अपुरं होतं. माणसं कमी असतील तर कोणतीही पद्धत पुरी पडत नाही आणि नर्सिंगप्रमुखाने बदलाच्या नावाखाली ती कमतरता झाकू नये.

सोबत काही सुटे मुद्दे, घाईत लिहिते.

पायलटसाठी, म्हणजे आधी एका ठिकाणी करून बघण्यासाठी, सगळ्यात चांगला वॉर्ड निवडायचा मोह होतो. निवडू नका. तिथे काहीही चालतं आणि त्यातून काही कळत नाही. मध्यम गर्दीचा, मध्यम स्टाफचा वॉर्ड घ्या.

प्रशिक्षणं दिवसा होतात, नाईटच्या सिस्टर झोप मोडून येतात किंवा येतच नाहीत. मग दोष त्यांच्यावर येतो. तुम्ही स्वतः रात्री जा.

बेडसाइड हँडओव्हरमध्ये काय बोलायचं नाही हे आधी ठरवा. शेजारच्या बेडवरचे नातेवाईक ऐकत असतात. एचआयव्ही, रुग्णाला अजून न सांगितलेलं निदान, घरातले वाद, हे बेडपाशी नाही. अनेक सिस्टर बेडपाशी जायला कचरतात त्यामागे हे खरं कारण असतं, आणि ते रास्त आहे.

मोजमाप करायचंच असेल तर सह्या मोजू नका. येणारी सिस्टर आयव्हीची (सलाईनच्या सुईची) जागा बघते का, औषधाच्या पंपावरचा दर डॉक्टरांच्या ऑर्डरशी ताडून पाहते का, ड्रेन आणि कॅथेटर स्वतः बघते का, रुग्णाशी नाव घेऊन बोलते का, एवढं बघा. आणि हे बघितल्यावर कुणाला पत्र जाणार नाही, हे आधीच जाहीर करा. एक खुलासा मागणारं पत्र वर्षभराचा विश्वास घालवतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की सगळं थांबवून पुन्हा सुरू करावं का. पूर्ण थांबवलं तर वरचे तो विरोधाचा विजय समजतील आणि पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाहीत. मी असते तर दोन वॉर्ड ठेवले असते, बाकीच्यांचा फॉर्म परत घेतला असता, आणि त्या दोन वॉर्डांत ओव्हर बुक बंद करण्याची परवानगी आधी मिळवली असती, मर्यादित काळासाठी का होईना. कायमचं बंद करा म्हटलं की कार्यालयं घाबरतात. ‘या दोन वॉर्डांत, अमुक तारखेपर्यंत, नंतर एकत्र आढावा’ असं लिहिलं की सही मिळण्याची शक्यता बरीच वाढते. आढाव्याच्या दिवशी त्या वॉर्डांच्या सिस्टर लोकांना बोलू द्या, तुम्ही त्यांच्या वतीने बोलू नका.

त्या एका पानाचा नमुना माझ्याकडे आहे. हवा असेल तर इथेच कळवा, रुग्णालयाचा उल्लेख काढून टाकते आणि देते. तुमच्या ओव्हर बुकमध्ये कोणते रकाने आहेत तेही लिहा. नियंत्रित औषधं, रक्तसंक्रमण आणि पोलिस केस यांच्या नोंदी त्यात अडकलेल्या असतील तर त्यांची सोय आधी करावी लागेल.